तुम्ही विचारलंत म्हणून: ज्युलिया कॅमेरॉनचे फोटो धूसर का?

एकोणिसाव्या शतकातली ब्रिटिश फोटोग्राफर ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन हिचे फोटो दाखवले की हमखास कुणीतरी विचारतं, ‘अहो, हे तर आउट ऑफ फोकस आहेत. मग हिचं एवढं कौतुक का?’ प्रश्न रास्त आहे. तिच्या हयातीत लंडनच्या फोटोग्राफीच्या पत्रिकांनी हेच आणि बरंच कडवट शब्दांत लिहिलं होतं.

बाईंचा जन्म 1815चा, कलकत्त्यातला. हातात कॅमेरा आला तो डिसेंबर 1863मध्ये, मुलगी आणि जावयाने भेट दिला म्हणून. वय अठ्ठेचाळीस, राहायला इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावरच्या फ्रेशवॉटर गावात. कोळशाच्या कोठाराची तिने डार्करूम केली आणि कोंबड्यांच्या काचेच्या खुराड्याचा स्टुडिओ.

तेव्हाचं तंत्र ओल्या काचेचं. काच लख्ख पुसायची, तिच्यावर कलोडियन हे चिकट द्रावण ओतून ते चारी कोपऱ्यांपर्यंत सारखं पसरायचं, मग काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची. ती ओली आहे तोवर फोटो काढायचा आणि तशीच ओली डेव्हलप करायची. चांदीच्या त्या द्रावणाने बोटं काळी पडत. धुण्याचं पाणी विहिरीचं. एक्सपोजर, म्हणजे काचेवर प्रकाश पडू द्यायचा वेळ, कित्येक मिनिटांचं, आणि तेवढा वेळ समोरच्याने हलायचं नाही. मोठी काच, जवळून घेतलेला चेहरा, त्यामुळे नाक फोकसमध्ये असेल तर कान नसणारच.

पण सगळं तंत्रावर ढकलणं मला पटत नाही. तिने स्वतः लिहून ठेवलंय की फोकस जुळवताना जिथे डोळ्यांना सुंदर दिसलं तिथेच ती थांबली, बाकीचे फोटोग्राफर ज्या रेखीवपणाचा आग्रह धरतात तिथवर लेन्स फिरवत बसली नाही. म्हणजे थांबायचं कुठे हे तिने ठरवलं होतं. काचेवरचे ओरखडे, डाग ही मात्र सरळसरळ हयगय, आणि तिचं काम प्राणापलीकडे आवडत असूनही मी ती झाकणार नाही.

1867मध्ये काढलेला जॉन हर्शेलचा फोटो जरा निरखून बघा. हर्शेल मोठे खगोलशास्त्रज्ञ, फोटो टिकवणारं ‘हायपो’ हे रसायन त्यांच्यामुळेच फोटोग्राफीत आलं. तिची त्यांच्याशी ओळख 1836पासूनची, दक्षिण आफ्रिकेतली. अंगावर काळं वस्त्र, मागे काळोख, त्यातून फक्त चेहरा पुढे येतो. विस्कटलेले पांढरे केस कडेला विरत जातात. डोळ्यांखालच्या सुरकुत्या मात्र दिसतात आणि डोळ्यांत पाणी असल्यासारखी चमक आहे. केसन्‌केस रेखीव आला असता तर नजर तिथेच अडकली असती. इथे ती थेट डोळ्यांवर जाते. त्या काळी बहुतेक स्टुडिओंत माणूस खांब-पडद्यांसमोर उभा करून छोटं कार्ड छापून द्यायचे. एवढ्या जवळ जाण्याचं धाडस क्वचितच कुणी करत होतं. लंडनमधल्या साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयाने तिचे फोटो 1865मध्येच विकत घेतले, आणि कॉपीराइटसाठी तिने पाचशेहून अधिक फोटोंची नोंदणी केली. आपण काय करतोय हे तिला पक्कं ठाऊक होतं.

दुसरा प्रश्न आपल्याकडेच येतो: ‘जन्म कलकत्त्याचा, मग इथल्या लोकांचे फोटो कुठायत?’ भारतातून ती 1848मध्ये गेली, कॅमेरा पंधरा वर्षांनी आला. पुढे 1875मध्ये नवऱ्याबरोबर ती सिलोनला (आजच्या श्रीलंकेत) राहायला गेली, कॉफीच्या मळ्यांच्या मुलखात. 1879मध्ये तिथेच वारली. तिथे तिने गावातल्या आणि मळ्यातल्या माणसांचे थोडे फोटो काढले. उभं राहणं, नजर, प्रकाश, सगळ्याकडे तेच लक्ष. पण कवी टेनिसन, शास्त्रज्ञ डार्विन, लेखक कार्लाइल यांचे तिने काढलेले फोटो नावानिशी नोंदलेले आहेत आणि या माणसांची ओळख ‘सिलोनमधली तरुणी’ इतकीच उरली आहे. तिच्या फोकसपेक्षा मला हे कितीतरी जास्त खटकतं.