५५ इंची टीव्ही: स्वस्तातला की महागातला?

आईबाबांसाठी टीव्ही बघतोय सध्या. बॉक्सवर फोरके आणि एचडीआर (म्हणजे उजळ नि गडद भाग जास्त ठळक दाखवायची सोय) लिहिलंय म्हणून स्वस्त नि महाग टीव्ही सारखे होत नाहीत हो. फोरकेचे ३८४० बाय २१६० पिक्सेल दोन्हीकडे तेवढेच, खरा फरक उजेडाचा. स्वस्त एलईडीत बहुतेक वेळा मागची लाईट सगळ्या स्क्रीनला एकच असते, मग रात्रीचा सीन आला की काळा रंग करडा दिसतो, आणि ब्राइटनेस कमी असल्यामुळे एचडीआर नुसतं नावापुरतं. महागातल्या ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतःच पेटतो नि विझतो, काळा म्हणजे काळाच! पण आमच्या हॉलमध्ये दुपारी भरपूर ऊन, त्यात ओएलईडी जरा फिका वाटतो, शिवाय दिवसभर न्यूज चॅनेल, खालची पट्टी कायम तिथेच, म्हणजे बर्न-इनची (तेच चित्र सतत राहून स्क्रीनवर कायमचा डाग पडायची) भीती. म्हणून माझं मत मिनी एलईडीला, लोकल डिमिंगवाला, म्हणजे मागे बारीक बारीक लाईट नि त्या भागाभागाने मंद होतात. सॉफ्टवेअर स्लो वाटलं तर नंतर टीव्हीच्या मागे स्ट्रीमिंग स्टिक लावता येते, पॅनेल काही बदलता येत नाही. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचावरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, ते वाचलेले पैसे साउंडबारला ठेवणार, कारण पातळ टीव्हीचे स्पीकर अगदीच छोटे असतात नि बाबांना मालिकेतले संवाद नीट ऐकू येत नाहीत.