काटा दीडशेवर थांबला आणि माझी फाईलही

एकोणीस दिवस! विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसचा, म्हणजे बिल विमा कंपनीने थेट हॉस्पिटलला भरण्याचा, निर्णय एका तासात द्यायचा असतो. माझ्या बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरीच्या, म्हणजे वजन कमी करण्याच्या ऑपरेशनच्या, फाईलला एकोणीस दिवस लागले, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

वजन १६८ किलो, उंची १७० सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) ५८. तपासण्या, आहारतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ हे सगळं आठवड्यात उरकलं. फाईल विमा कंपनीकडे गेली आणि नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या त्या हॉस्पिटलच्या विमा काउंटरवरून रोज तेच ऐकू येऊ लागलं, "सर, क्वेरी आलीय." म्हणजे कंपनीची नवी शंका.

पहिली क्वेरी: आधी डाएट करून वजन कमी झालं नाही याचा पुरावा द्या. पॉलिसीतलं कलम मी तिथेच वाचून दाखवलं. ती अट बीएमआय ३५ च्या वर असून गंभीर सहव्याधी असलेल्यांसाठी आहे, ४० च्या वर ती लागत नाही. तरी दोन वर्षांचे कागद मागितले. दुसरी क्वेरी तर कहर. सिडकोतल्या आमच्या फॅमिली डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठीवर वजन १५०, हॉस्पिटलच्या कागदावर १६८. मग अठरा किलो एकदम कसे वाढले? अहो, डॉक्टरांचा काटाच दीडशेपर्यंतचा! हे मी फोनवर चार जणांना चार वेळा सांगितलं. शेवटी डॉक्टरांनी लेटरहेडवर काट्याची मर्यादा लिहून सही-शिक्का दिला, तेव्हा फाईल हलली. तुमचंही वजन जास्त असेल तर मोठ्या काट्यावरची नोंद आधीच करून ठेवा. आणि प्रत्येक क्वेरी ईमेलवर लेखी मागा. पुढे तक्रार घेऊन पुण्याच्या विमा लोकपालांकडे जायची वेळ आली तर तेच कागद कामी येतात.

या वेळकाढूपणाची मला खरी भीती वाटत होती, कारण ऑपरेशनची सुरक्षितता तयारीवर अवलंबून असते. यकृत आकसावं म्हणून दोन आठवडे कमी कॅलरीचा आहार असतो. तारीख दोनदा पुढे गेली, मला तो पाच आठवडे पाळावा लागला. झोपेत श्वास अडकायचा, म्हणून रात्री मास्कमधून हवेचा दाब देणारं सीपॅप मशीन होतंच.

सर्जननी काही लपवलं नव्हतं. अनुभवी केंद्रात पहिल्या महिन्यात मृत्यूचं प्रमाण साधारण हजारात एक ते तीन. बीएमआय ५० च्या पुढे धोका वाढतो. जठराच्या टाक्यांतून गळती आणि पायात रक्ताची गुठळी, या दोन गोष्टींवर त्यांचं जास्त लक्ष होतं. म्हणून स्लीव्ह, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून टाकायचं माझं ऑपरेशन, झाल्यावर त्याच संध्याकाळी मला चालवलं. घरी गेल्यावर ताप आला, नाडी जोरात धावू लागली किंवा पोट फार दुखलं तर थांबू नका, लगेच या, असं सांगून पाठवलं. तसं काही झालं नाही.

हो, एक राहिलंच: सिगारेट ओढत असाल तर आधी सोडावी लागते. बी-१२, लोह आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या मात्र आता कायमच्या.

काल हॉस्पिटलच्या काट्यावर १३१ भरलं. या नव्या वजनाच्या चिठ्ठीची एक प्रत मी फाईलला लावून ठेवली.