सातवा रविवार: अठ्ठेचाळीस जोडण्या आणि घामेजलेला बँकर

यंदाच्या पुणे हंगामातील माझ्या वहीचे हे सातवे पान आहे. नव्याने वाचणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो, की मी घोड्यांच्या पाच शर्यतींचा जॅकपॉट (पाचही विजेते आधीच लिहून द्यायचे; त्यातली प्रत्येक शर्यत म्हणजे एक लेग) खरे पैसे न लावता फक्त कागदावर खेळतो. आदल्या रात्री साताऱ्यात रेसकार्ड, म्हणजे शर्यती आणि घोड्यांची यादी, घेऊन बसायचे, एका जोडणीला (प्रत्येक लेगमधून एक अशा पाच घोड्यांच्या संचाला) १० रुपये धरून ५०० रुपयांच्या आत बसणारे तिकीट लिहायचे आणि पहिली लेग सुटण्यापूर्वी त्या कागदाची घडी मंगळवार पेठेतील माझ्या निवृत्त शिक्षक मित्राच्या हवाली करायची, असा नेम आहे. त्यामुळे निकालानंतर ‘माझ्या मनात तोच घोडा होता’ असे म्हणण्याची सोय उरत नाही. खरे पैसे न लावण्याचे कारण असे, की शर्यतींवरील पैजांचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून ४० टक्क्यांवर गेला आहे आणि रुंद तिकिटे लिहिणाऱ्याला तो प्रत्येक जोडणीमागे बोचतो. शिवाय मला गोडी आहे ती हिशेबाची, आणि हिशेब कागदावरही तेवढाच रंगतो.

या वेळी मात्र घरी बसून निकाल पाहण्याऐवजी आम्ही दोघे पहाटेच्या एसटीने स्वारगेटला उतरून रेसकोर्सवर गेलो. या पानावर जे काही नवीन आहे ते या जाण्यामुळेच.

तिकीट असे होते: पहिल्या लेगमध्ये दोन घोडे, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात चार, चौथ्यात दोन आणि पाचव्यात एकच, म्हणजे बँकर. २×३×४×२×१ अशा ४८ जोडण्या, ४८० रुपये.

सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो तिसऱ्या लेगने. १२०० मीटर, चौथा वर्ग, २० ते ४६ रेटिंगचे बारा घोडे. रेटिंग म्हणजे हँडिकॅपरने, म्हणजे वजने ठरवणाऱ्या अधिकाऱ्याने, घोड्याच्या कुवतीला दिलेले गुण, आणि आपल्याकडे त्यातल्या एका गुणाला पाठीवर अर्धा किलो जास्त वजन. पण तो अर्धा किलो किती अंतराचा, हे मांडल्याशिवाय कार्ड बोलत नाही. ३ नंबरच्या घोड्याने मागच्या शर्यतीत, याच अंतरावर, ६ नंबरला अडीच लांबींनी (एक लांबी म्हणजे एका घोड्याएवढे अंतर) मागे टाकले होते. त्या दिवशी ३ नंबरवर ५५ किलो होते आणि ६ नंबरवर साडेपंचावन्न. विजयानंतर ३ नंबरचे रेटिंग ३२ वरून ४० झाले, त्यामुळे आता त्याच्यावर ५९ किलो. ६ नंबर होता तिथेच, साडेपंचावन्नवर. म्हणजे दोघांमधले वजन एकूण चार किलोंनी फिरले. मैलाच्या शर्यतीत एका लांबीला साधारण एक किलो आणि हजार मीटरला सव्वा ते दीड किलो हा जुना ठोकताळा आहे. १२०० मीटरला सव्वा किलो धरला तर चार किलोंच्या तीन लांबींहून थोड्या अधिक होतात. मागची अडीच लांबींची हार कागदावर पुसली जाते आणि ६ नंबर अर्ध्या लांबीहून थोडा अधिक पुढे येतो.

पण अर्धी लांबी म्हणजे काय, तर सुरुवातीच्या स्टॉलमधून निघताना एक पाऊल उशिरा पडले तरी संपते. शिवाय ३ नंबर अजून सुधारत असेल तर हँडिकॅपरने दिलेले आठ गुणही त्याला थोडेच पडतील. बारा घोड्यांच्या गर्दीत एवढ्या बारीक फरकावर एकच नाव लिहिणे म्हणजे आपल्याच गणिताच्या प्रेमात पडणे होय, म्हणून ते दोघे, हलक्या वजनाचा एक आणि वरच्या वर्गातून खाली आलेला एक, असे चार घेतले. जिंकला तो वरच्या वर्गातून खाली आलेला. ६ नंबर दुसरा आला आणि ३ नंबर त्याच्या मागे मानेच्या अंतरावर. माझा ठोकताळा त्या दोघांपुरता खरा ठरला आणि शर्यतीपुरता निरुपयोगी, याची वहीत तशीच नोंद केली आहे.

दुसऱ्या आणि चौथ्या लेगबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. दोन्हींत माझा पहिल्या पसंतीचा घोडा आला.

पहिली लेग तीन वर्षांच्या न जिंकलेल्या घोड्यांची होती आणि त्यांतले निम्मे प्रथमच धावत होते. कागदावर दोघांत निवड होईना. पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीपूर्वी घोडे फिरवतात त्या रिंगणात, मात्र अर्ध्या मिनिटात झाली: एक मान खाली सोडून, मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशाच्याही पुढे टाकत चालत होता, तर दुसरा सईसाला ओढत आडवा सरकत होता. पहिला सहज जिंकला. आपल्याकडे बैलगाडीच्या मैदानात आदत, म्हणजे कोवळा, बैल छकड्याला जुंपण्यापूर्वी ज्या नजरेने पाहतात, तीच नजर इथेही चालते. फरक एवढाच, की तिकडे कोणी पाच फेऱ्यांचा अंदाज पहिल्या फेरीआधी लिहून देत नाही.

आणि घोळ नेमका इथेच आहे. जॅकपॉटचे तिकीट पहिली लेग सुटण्यापूर्वी घ्यावे लागते, त्यामुळे डोळ्यांनी घोडा पाहून निर्णय घेण्याची संधी फक्त पहिल्याच लेगमध्ये मिळते. बाकीच्या चार लेगमधील घोडे तोवर तबेल्यात असतात. हे मला माहीत नव्हते असे नाही, पण सहा रविवार घरी बसून खेळल्यामुळे मला सगळ्याच लेग सारख्या वाटत होत्या.

माझा बँकर दीर्घ विश्रांतीनंतर परतणारा घोडा होता. सकाळच्या सरावात त्याने वाळूच्या ट्रॅकवर ६०० मीटर ४० सेकंदांत कापले होते आणि शेरा ‘मूव्ह्ड फ्रीली’ असा होता, त्यावर मी भाळलो. पाचव्या लेगपूर्वी तो पॅडॉकमध्ये आला तेव्हा लगामाच्या पट्ट्याखाली मान ओली होती, मागच्या मांड्यांमध्ये साबणासारखा पांढरा फेस होता आणि ढगाळ हवेत इतर एकाही घोड्याला घाम नव्हता. मित्र म्हणाले, “अहो, तुमचा बँकर तर इथेच पळून दमला की!” मी म्हणालो, “सर, घडी तुमच्याच खिशात आहे, आता काय उपयोग?” शेवटच्या दोनशे मीटरमध्ये तो दमून मागे पडला आणि पाचवा आला. जिंकला तो माझ्या यादीत तिसरा असलेला घोडा.

पाचपैकी चार बरोबर आले. आपल्या जॅकपॉटमध्ये पूलमधले, म्हणजे वाटायच्या रकमेतले, ७० टक्के पाचही ओळखणाऱ्यांचे आणि ३० टक्के चार ओळखणाऱ्यांचे, त्यामुळे कागदी खात्यात सांत्वनाची रक्कम जमा झाली. पण त्या दिवशी फेवरिट, म्हणजे लोकांनी सर्वांत जास्त पैसे लावलेले घोडे, बरेच आले असल्याने ती ४८० रुपयांपेक्षा कमीच भरली.

परतीच्या एसटीत खंबाटकी येईपर्यंत मी तिकीट पुन्हा मांडले. पहिल्या लेगमध्ये पॅडॉक पाहून एक, सहा घोड्यांच्या दुसऱ्या लेगमध्ये तीनऐवजी दोन, तिसरी आणि चौथी होती तशीच, आणि विश्रांतीवरून परतलेल्या घोड्याच्या पाचव्या लेगमध्ये एकाऐवजी तीन: १×२×४×२×३. जोडण्या पुन्हा ४८, पैसे तेच ४८०, आणि पाचही बरोबर. निकाल हातात असताना असे तिकीट लिहिणे सोपे असते, हे मित्रांनी शिरवळ सोडतानाच सुनावले होते आणि ते मान्य आहे. परंतु त्यांतील दोन बदल निकालाविनाही सुचायला हवे होते. जिथे घोडा डोळ्यांनी पाहता येतो तिथे मी दोन घेतले, आणि ज्याच्या तब्येतीचा अंदाज पाहिल्याशिवाय येतच नाही त्याला कितीतरी आधी, न पाहता, बँकर केले. विश्रांतीवरून आलेला घोडा दिवसाच्या शेवटच्या लेगमध्ये बँकर म्हणून चालणार असेल, तर त्याने परतल्यानंतर निदान एक शर्यत धावलेली असावी, असा नियम मी मलपृष्ठाच्या आत लिहून ठेवला आहे.

पुढच्या रविवारचे कार्ड आले आहे. दुसऱ्या ते पाचव्या लेगची नावे शाईने लिहून झाली आहेत. पहिल्या लेगचा रकाना कोरा आहे आणि वहीत पेन्सिल ठेवली आहे. स्वारगेटची दोन तिकिटे मित्रांनी काढली आहेत.