साठने गुणा, मग बोलू

मशिनच्या व्हायब्रेशनचा रिपोर्ट टेबलावर आला की मी आधी पेन उचलतो आणि हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला किती वेळा याच्या, प्रत्येक आकड्याखाली त्याची साठपट लिहितो. नवी पोरं हसतात. सॉफ्टवेअरमध्ये बटण दाबलं की सगळा आलेख मिनिटाच्या हिशेबात येतो म्हणे. येतो ना, पण माझ्या हातात प्रिंट पडतो, त्याला कुठलं बटण?

साखर कारखान्यात मशिनची ओळख आरपीएमनेच, म्हणजे मिनिटाच्या फेऱ्यांनीच असते. चार पोलची (चुंबकीय ध्रुवांची) मोटर म्हणजे १२० गुणिले विजेचे ५० हर्ट्झ भागिले ४, झाले १५००. लोडवर मोटर थोडी मागे पडते, ती स्लिप; म्हणून १४४० च्या आसपास. रिपोर्टात २४ हर्ट्झला सुळका दिसला की तो मोटरच्या फेऱ्याचा. तीच मोटर पट्ट्यावर ब्लोअर फिरवत असेल, तिची पुली १५० ची आणि ब्लोअरची २२५ ची, तर ब्लोअर ९६० ला, म्हणजे १६ हर्ट्झला. सुळका १६ वर असेल तर मोटर कशाला खोलता? ब्लोअरची पाती बघा, राख चिकटलेली असेल.

व्हीएफडीवरच्या, म्हणजे मोटरचा वेग कमीजास्त करणाऱ्या ड्राइव्हवरच्या हर्ट्झला मात्र साठने गुणू नका. तिथे ४२ दिसले म्हणजे फॅन २५२० ला फिरतोय असं नाही. ती विजेची फ्रिक्वेन्सी. चार पोलला तीसने गुणायचं, १२६०, आणि त्यातून थोडी स्लिप वजा.

आता बॉयलर फीड पंपाची गंमत. मोटर दोन पोलची, २९८० आरपीएम. रिपोर्टात १०० हर्ट्झला एकच जाडजूड सुळका, शेरा ‘इलेक्ट्रिकल’. पण पंपाजवळ उभं राहिलं की घुंऽऽ आवाज चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. घड्याळ लावून मोजलं तर मिनिटाला साधारण चाळीस वेळा. २९८० ची दुप्पट ५९६०. पुरवठ्याच्या ५० ची दुप्पट १००, म्हणजे मिनिटाला ६०००. फरक बरोबर चाळीस! दोन जवळजवळचे हादरे एकत्र आले की आवाज त्यांच्या फरकाइतक्या वेळा चढतो-उतरतो. हर्ट्झमध्ये हेच ९९.३ आणि १००. आलेखावर दोन्ही एकमेकांत मिसळून गेलेले.

स्टँडबाय पंप लाइनवर घेतला आणि या मोटरचा सप्लाय तोडला. विजेचा भाग त्याच क्षणी जातो, मेकॅनिकल भाग वेगाबरोबर हळूहळू उतरतो. इथे घुमणं तिथल्या तिथे थांबलं, पण हादरा बराचसा तसाच राहिला आणि मोटर थांबेपर्यंत उतरत गेला. म्हणजे मोठा वाटा मेकॅनिकलचाच. मोटर आणि पंप जोडणाऱ्या कपलिंगला डायल गेज लावल्यावर अलाइनमेंट, म्हणजे दोन्ही शाफ्टची सरळ रेष, सरकलेलं निघालं.

आणखी एक. ग्रीड काही कायम नेमक्या ५० वर बसलेला नसतो. ४९.९ असेल तर त्या ६००० चे ५९८८ होतात आणि मोटरचा वेगही थोडा उतरतो. म्हणून रीडिंग घेताना पॅनेलवरची फ्रिक्वेन्सी तिथेच कागदावर टिपून घ्या. नंतर कंट्रोल रूमला विचाराल तर उत्तर ठरलेलं आहे: “पन्नासच असेल की साहेब.”