समुद्राकाठच्या घराचे साईडिंग: पैसे नेमके कशाचे मोजायचे?

न्यू जर्सीतील एडिसन या गावाच्या आसपास राहणाऱ्या मराठी स्नेह्यांशी घराच्या खर्चाविषयी बोलणे निघाले की स्वयंपाकघर, तळघर, छपराच्या पन्हळी यांचे त्यांचे आकडे आणि आमचे आकडे साधारण जुळतात. साईडिंगचा विषय आला की मात्र ते आमच्याकडे संशयाने पाहू लागतात. तासाभराच्या अंतरावर, त्याच राज्यात, तेवढ्याच आकाराच्या घराला एवढे जास्त पैसे कसे लागतात, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. न्यू जर्सीच्या किनारपट्टीवर, मॉनमथ काउंटीत, आमच्या घराचे साईडिंग बदलताना आलेली सगळ्यांत महाग आणि सगळ्यांत स्वस्त कोटेशने यांत जवळजवळ दीडपटीचा फरक होता, आणि तो बाहेरून दिसणाऱ्या फळ्यांमुळे पडलेला नव्हता.

भारतातील वाचकांसाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. येथील बहुतेक घरांना विटांची किंवा चिऱ्याची भिंत नसते. उभ्या लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर प्लायवूडचे किंवा ओएसबीचे (लाकडाचे पातळ तुकडे चिकटवून दाबलेले) तक्ते, त्यावर पाणी अडवणारे पण वाफ बाहेर जाऊ देणारे पातळ आवरण, म्हणजे हाउस रॅप, आणि सर्वांत बाहेर एकावर एक चढवत नेलेल्या आडव्या फळ्या अशी ती रचना असते. या बाहेरच्या फळ्या म्हणजे साईडिंग. कंत्राटदार त्याचे माप ‘स्क्वेअर’मध्ये सांगतात आणि एक स्क्वेअर म्हणजे १०० चौरस फूट.

देशपातळीवरील खर्चाचा अंदाज घ्यायचा तर बांधकाम व्यवसायात दरवर्षी निघणारा ‘कॉस्ट व्हर्सेस व्हॅल्यू’ अहवाल उपयोगी पडतो. त्याच्या २०२४ च्या आवृत्तीत १,२५० चौरस फूट जुने साईडिंग काढून नवे बसवण्याचा सरासरी खर्च व्हिनाइलसाठी (म्हणजे पीव्हीसी प्लास्टिकच्या पट्ट्यांसाठी) सुमारे १७,४०० डॉलर आणि फायबर सिमेंटसाठी सुमारे २०,६०० डॉलर दिला आहे; चौरस फुटाचा हिशेब केला तर अनुक्रमे सुमारे १४ आणि साडेसोळा डॉलर. घर विकताना त्यातील अनुक्रमे सुमारे ८० आणि ८८ टक्के रक्कम वसूल होते, असेही त्यात म्हटले आहे. परंतु ही सरासरी ओहायोतील आणि कॅन्ससमधील घरांनाही पोटात घेते, आणि तेथे समुद्र नाही.

लाटांच्या फेसातून उडणारे खारे तुषार वाऱ्याबरोबर जमिनीवर येतात. किनाऱ्यापासूनच्या पहिल्या काही शे फुटांत धातू गंजण्याचा वेग सर्वाधिक असतो आणि सुमारे ३,००० फुटांपर्यंत तो बराच उतरतो, असे फेमा या संघीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेची किनारी बांधकामावरील पत्रके सांगतात. मीठ हवेतील ओलावा धरून ठेवते, त्यामुळे ऊन पडल्यावरही धातूचा पृष्ठभाग पुरता वाळत नाही. याच पत्रकांतील एक निरीक्षण मला फार महत्त्वाचे वाटले. सर्वाधिक गंज उघड्यावर येत नाही. जेथे खारी हवा पोचते पण पाऊस पोचत नाही, अशा पागोळ्यांखालच्या, सज्जाखालच्या आणि उंच उचललेल्या घराच्या पोटाखालच्या जागी तो येतो, कारण उघड्यावरचे मीठ पावसाने धुऊन जाते आणि आडोशाचे साचत राहते. आमच्या घराचेही पागोळीखालचे खिळे वाऱ्याच्या तोंडावरील खिळ्यांपेक्षा अधिक खाल्लेले निघाले.

दुसरी गोष्ट झडीची. कोकणात पावसाळ्याआधी पश्चिमेकडील भिंतीला झावळ्यांची झापे बांधत, ती पावसाची झड भिंतीवर थेट येऊ नये म्हणून. झाप स्वतः भिजले तरी हरकत नसे. साईडिंगचे कामही मुळात तेच आहे. येथील ईशान्येच्या वादळांत, ज्यांना ‘नॉरईस्टर’ म्हणतात, पाऊस आडवा येतो आणि फळ्यांच्या सांध्यांतून थोडेफार पाणी आत शिरतेच. ते तक्त्यांपर्यंत न पोचता खाली उतरून बाहेर पडावे, ही जबाबदारी हाउस रॅपची आणि दारे-खिडक्यांभोवतीच्या फ्लॅशिंगची, म्हणजे पाणी बाहेर वळवणाऱ्या पातळ पट्ट्यांची, असते. किनाऱ्यावर साईडिंगचा खर्च पाहताना म्हणूनच आधी फळीच्या मागे काय आहे आणि फळी कशाने धरली आहे हे पाहावे, रंग आणि नक्षी नंतर.

खिळ्यांपासून सुरुवात करतो, कारण एवढ्या मोठ्या रकमेत इतका क्षुल्लक वाटणारा आणि इतका निर्णायक भाग दुसरा नाही. विजेच्या साहाय्याने जस्ताचा पातळ मुलामा दिलेले खिळे किनाऱ्यावर निरुपयोगी असतात. वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले, म्हणजे हॉट-डिप गॅल्वनाइज्ड, खिळे किनाऱ्यापासून दूर, आतल्या भागात चालतात. पाण्याच्या अगदी जवळ मात्र स्टेनलेस स्टीलच हवे आणि तेही शक्यतो ३१६ प्रतीचे, ज्यात मॉलिब्डेनम असल्यामुळे ते मिठाला सहजी दाद देत नाही. सबंध घरासाठी हा फरक काही शे डॉलरांचा असतो, पण एकूण रक्कम कमी दाखवण्यासाठी पहिली कात्री याच ओळीला लागते. कोटेशनमध्ये केवळ ‘गंजरोधक खिळे’ असे लिहिलेले असेल तर त्या शब्दांवर विसंबू नये. प्रत आणि लांबी लिहून मागावी.

साहित्याच्या निवडीत व्हिनाइलला उगाच नावे ठेवली जातात. ते पीव्हीसी असल्यामुळे मिठाने त्याचे काही बिघडत नाही, रंगवावे लागत नाही आणि वजनाला हलके असते. त्याची दुखणी वेगळी आहेत. बारा फुटांची पट्टी उन्हाळा आणि हिवाळा यांदरम्यान सुमारे अर्ध्या इंचापर्यंत लांब-आखूड होते, म्हणून खिळा लांबट भोकाच्या मधोमध आणि किंचित सैल ठोकावा लागतो; घट्ट ठोकलेली पट्टी पहिल्याच उन्हाळ्यात लाटांसारखी उठते. पट्टी सैल लटकत असल्यामुळे जोरदार वाऱ्यात ती उचकटण्याची शक्यताही अधिक असते. म्हणून आमच्या भागात खिळे ठोकण्याची कड दुहेरी असलेले, किमान ०.०४४ इंच जाडीचे व्हिनाइल घ्यावे असे मला वाटते. बांधकाम व्यावसायिक सर्रास वापरतात ते ०.०४० इंचाचे असते. शेजारच्या घराच्या काचांवरून परावर्तित झालेल्या उन्हानेही व्हिनाइल मऊ पडून वाकते, हे पाहिल्याशिवाय पटत नाही.

फायबर सिमेंट म्हणजे सिमेंट, वाळू आणि लाकडाच्या तंतूंची फळी. ती जळत नाही, वाऱ्यात फडफडत नाही आणि रंग चांगला धरते. पण तिचे वजन चौरस फुटाला सुमारे २.३ पौंड, म्हणजे १,२५० चौरस फुटांना सव्वा टनाहून अधिक भरते, आणि ते उचलणाऱ्या हातांची मजुरी बिलात येते. कापताना उडणारी सिलिकाची धूळ फुफ्फुसांना घातक असल्यामुळे धूळ खेचणारी यंत्रे वापरावी लागतात. कापलेली प्रत्येक कड प्रायमरने बंद करावी लागते. शिवाय ही फळी अल्कधर्मी असल्याने मुलामा नसलेले अॅल्युमिनियम तिला टेकले की खाऊन जाते. फ्लॅशिंग कसले आहे याची चौकशी येथे पुन्हा येतेच. एवढे सगळे मान्य करूनही आम्ही फायबर सिमेंट निवडले, कारण आमच्या भिंतीवर वाऱ्याचा मारा थेट आहे. मॅसॅच्युसेट्समधील नॅन्टकेट बेटावरच्या करड्या पडलेल्या सिडार लाकडाच्या शिंगल (कौलांसारख्या एकावर एक बसवलेल्या चकत्या) देखण्या असतात यात शंका नाही, परंतु त्यांची मजुरी आणि निगा परवडणाऱ्यांनीच त्या वाटेला जावे.

जुने साईडिंग उतरवल्याखेरीज खरा खर्च कळत नाही. खिडक्यांच्या खालचे कोपरे, छप्पर जेथे भिंतीला येऊन मिळते ती जागा आणि लाकडी डेकची (घराला लागून बांधलेल्या उघड्या ओट्याची) आधारपट्टी जेथे घराला बोल्टने जोडलेली असते ती जागा, या तीन ठिकाणी तक्ते कुजलेले निघण्याची शक्यता सर्वाधिक असते. डेकच्या बाबतीत एक अधिकची अडचण आहे: निवासी बांधकामातील प्रक्रिया केलेल्या लाकडातून २००३ च्या अखेरीस आर्सेनिक हटवण्यात आले आणि त्याजागी तांबे अधिक असलेली रसायने आली, जी साध्या अॅल्युमिनियमच्या फ्लॅशिंगला पोखरतात. कुजलेला तक्ता बदलण्याचा दर प्रत्येक ३२ चौरस फुटांच्या तक्त्यामागे आधीच करारात लिहून घेतला नसेल तर भिंत उघडी पडल्यावर कंत्राटदार सांगेल तो दर मान्य करण्यावाचून गत्यंतर उरत नाही. आम्ही तो लिहून घेतला होता आणि त्याचा उपयोग झाला. जुन्या साईडिंगवरच नवे चढवून पैसे वाचवण्याचा सल्ला देणाऱ्या माणसाला किनाऱ्यावर तरी दारातूनच परत पाठवावे.

घर जुने असेल तर आणखी भर पडते. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या अनेक घरांवर अॅस्बेस्टॉस सिमेंटच्या शिंगल आहेत आणि त्या काढण्याचे व त्यांची विल्हेवाट लावण्याचे नियम स्वतंत्र आहेत. १९७८ पूर्वीच्या घरांत शिसेयुक्त रंग गृहीत धरून प्रमाणित कंत्राटदारच नेमावा लागतो.

२९ ऑक्टोबर २०१२ रोजी सँडी वादळ ब्रिगंटीनजवळ धडकल्यानंतर या किनाऱ्यावरची असंख्य घरे खांबांवर उचलली गेली. उचललेले दुमजली घर साईडिंगवाल्याच्या दृष्टीने तिमजली असते. परांची उंच लागते, वेळ अधिक जातो आणि मजुरी वाढते. अशा घरांच्या तळाशी, पुराच्या लाटेने सुटून जाव्यात अशाच हेतूने बांधलेल्या भिंती असतील तर वरच्या भिंतीचे साईडिंग त्यांच्यावरून अखंड खाली आणता येत नाही. सांध्यावर ते तोडावे लागते, नाहीतर खालची भिंत जाताना वरच्या फळ्याही ओढून नेते. पूरक्षेत्रातील लहान बंगल्यांच्या मालकांनी ५० टक्क्यांचा नियमही ध्यानात ठेवावा. सुधारणेचा खर्च जमीन वगळून घराच्या बाजारमूल्याच्या निम्मा किंवा अधिक झाला तर संपूर्ण घर सध्याच्या पूरनियमांनुसार आणावे लागते, आणि साईडिंगचा खर्च त्यात धरला जातो. छप्पर, खिडक्या आणि साईडिंग एकाच परवान्यात उरकण्यापूर्वी गावाच्या बांधकाम कार्यालयात हा हिशेब विचारून घेणे शहाणपणाचे.

विम्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. वाऱ्याने उचकटलेल्या फळ्यांची भरपाई मिळू शकते, पण गंज आणि कूज ही झीज मानली जाते आणि ती पॉलिसीबाहेर असते. चक्रीवादळासाठी अनेक पॉलिसींत स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम ठरावीक डॉलरांत नसून घराच्या विमारकमेच्या टक्क्यांत असते. ५ लाख डॉलरच्या विम्यावर २ टक्के म्हणजे १०,००० डॉलर, अर्थात साईडिंगच्या वर दिलेल्या सरासरी बिलाचा सुमारे अर्धा भाग. फक्त एका बाजूच्या फळ्या गेल्या तर नव्या फळ्यांचा रंग उन्हाने फिकटलेल्या जुन्यांशी जुळत नाही, आणि मग बाकीच्या तीन बाजूंचे पैसे कोणी द्यायचे यावरून वाद होतो.

कागदपत्रांच्या बाबतीत न्यू जर्सीचा कायदा घरमालकाच्या बाजूचा आहे. गृहसुधारणा करणारा कंत्राटदार राज्याच्या ग्राहक व्यवहार विभागाकडे नोंदणीकृत असावा लागतो, ५०० डॉलरवरील कामाचा करार लेखी असावा लागतो आणि कराराची प्रत मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत तो रद्द करता येतो. साईडिंग ही भांडवली सुधारणा धरली जाते, म्हणून मालकाने एसटी-८ हा फॉर्म भरून दिला की कंत्राटदार बिलावर ६.६२५ टक्के विक्रीकर लावत नाही. साहित्यावरचा कर त्याने स्वतः भरलेला असतो. संघीय आयकरात त्याच वर्षी वजावट मिळत नाही, परंतु हा खर्च घराच्या मूळ किमतीत मिळवता येतो आणि घर विकताना करपात्र नफा तेवढा कमी होतो. त्यासाठी करार, बिले, तक्त्यांच्या दुरुस्तीचा तपशील आणि भिंत उघडी असताना काढलेली छायाचित्रे एकाच फाइलमध्ये घर विकेपर्यंत आणि त्यानंतरही किमान तीन वर्षे ठेवावीत.