एकरी दोन टनांची बाग

तासगाव-मिरजेकडच्या द्राक्षबागायतदाराला एकरी दोन टन माल निघाला असं सांगितलं, तर तो आधी विचारेल, "भुरीनं गेली का गारपिटीनं?" चांगल्या बागेतून एकरी दहा-बारा टन धरण्याची आपल्याकडची सवय. स्पेनच्या रिओहा भागात मात्र दोन टन ही वरची मर्यादा म्हणून नियमात लिहिलेली आहे. २०१७ साली तिथल्या नियामक मंडळानं 'विन्येदो सिंगुलार' हा दर्जा मंजूर केला. विन्येदो सिंगुलार म्हणजे एका ठरावीक, आखून दिलेल्या बागेची वाइन. वेली किमान ३५ वर्षांच्या हव्यात, तोडणी हातानं हवी, बाग निदान दहा वर्षं त्याच उत्पादकाच्या ताब्यात हवी आणि तांबड्या द्राक्षाचं उत्पन्न हेक्टरी ५,००० किलोच्या वर जाता कामा नये. याचा हिशेब एकरी दोन टनांवर येतो.

कोल्हापुरात वाइनबद्दल विचारणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा "एका बागेची म्हणजे जास्त चांगली का?" असा असतो. तसं काही नाही. पाच गावांची द्राक्षं एकत्र करून उत्तम वाइन करणारी घराणी रिओहात पुष्कळ आहेत, आणि ते मिश्रण हाही मोठ्या कौशल्याचा भाग आहे. एका गावात पाऊस जास्त झाला तर दुसऱ्या गावच्या मालानं तोल सांभाळता येतो. एका बागेचं नाव बाटलीवर घालणारा हा आधार स्वतःहून सोडून देतो. एप्रिल २०१७ च्या अखेरीस रिओहात कडाक्याचं दव गोठलं आणि नुकते फुटलेले कोंब जळून गेले. मिश्रण करणाऱ्यांनी दुसरीकडचा माल जमवून वर्ष निभावलं. एकाच बागेवर बसलेल्याला तेवढ्याच उरलेल्या घडांवर वर्ष काढावं लागतं. ज्या वर्षी जे झालं ते बाटलीत दिसणार, हा या वाइनचा करार. चव त्यानंतरची गोष्ट.

हा करार समजून घ्यायला आरो गावचं लोपेस दे एरेदिया घराणं सर्वांत सोयीचं. १८७७ साली सुरू झालेली ही बोदेगा, म्हणजे वाइनरी, अजून त्याच कुटुंबाकडे आहे. आरोच्या रेल्वे स्टेशनजवळची ती जागा. त्या काळात फ्रान्सच्या बागा फिलोक्सेरा या मुळं खाणाऱ्या किडीनं बसल्या होत्या आणि तिकडचे व्यापारी वाइन शोधत रिओहात उतरले होते. १९०० च्या सुमारास कीड रिओहातही पोचली. मग अमेरिकन खुंटावर कलम केलेल्या वेली आल्या. याच कलमी लागवडीच्या काळात, १९१३-१४ मध्ये, संस्थापकानं एब्रो नदीच्या वळणात 'विन्या तोंदोनिया' ही बाग उभी केली. आपल्याकडे सांगलीत आणि सोलापुरात डॉगरिज खुंट वापरतात तो खारं पाणी आणि दुष्काळ सोसावा म्हणून. तिकडे खुंट आला तो कीड टळावी म्हणून. कलम बांधायची रीत तीच, कारण वेगळं.

नदीच्या वळणात म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शिरोळकडची काळी मळीची जमीन येते, जिथं ऊस डोक्यावर जातो. तोंदोनियाची जमीनही नदीनंच आणून टाकलेली आहे, पण चिकणमातीत चुनखडीचा भरपूर अंश. वर्षाचा पाऊस साधारण ५०० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे कोल्हापूर शहराच्या निम्म्यानं. वेल खोल जाते आणि घड लहान राहतात. मण्याचा आकार लहान म्हणजे रसाच्या मानानं साल जास्त, आणि रंग, तुरटपणा देणारं टॅनिन, बराचसा वास सालीतच असतो. कमी उत्पन्नाचा नियम सगळा या एका गोष्टीसाठी आहे.

छाटणीतला फरक आपल्या बागायतदाराला लगेच कळेल. आपल्याकडे वेल कधी झोपत नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी अशा दोन कराव्या लागतात. रिओहात थंडीनं पानं गळतात, वेल झोपते आणि हिवाळ्यात एकच छाटणी होते. जुन्या पद्धतीत मांडव नाही, तारा नाहीत. गुडघ्याएवढं खोड, त्यावर तीन-चार हात आणि प्रत्येक हातावर दोन डोळ्यांच्या आखूड काड्या. डोळे जास्त ठेवले तर घड वाढतात आणि साखर पातळ होते, फार कमी ठेवले तर वेल नुसती पानं काढते. एप्रिलमध्ये फूट, जूनमध्ये फुलोरा, ऑगस्टमध्ये मणी रंगतात. तासगावात फळछाटणीच्या कात्र्या चालू असतात त्याच दिवसांत आरोत तोडणी चाललेली असते.

तोंदोनियाच्या तांबड्या वाइनमध्ये साधारण तीन-चतुर्थांश तेम्प्रानिल्यो, १५ टक्क्यांच्या आसपास गार्नाचा आणि उरलेला भाग ग्रासियानो आणि मासुएलोचा. एकाच बागेत चार जाती लावण्यामागे हिशेब आहे. तेम्प्रानिल्यो लवकर पिकतो, त्याचं नावच 'लवकर' या शब्दावरून पडलंय, पण त्याला आंबटपणा कमी. ग्रासियानो आणि मासुएलो आंबटपणा देतात, गार्नाचा अंग भरून काढतो. बाहेरचा माल आणायचा नाही असं ठरवल्यावर तोल बागेतच पेरावा लागतो. आणि 'एक बाग' म्हणजे लहान तुकडाच असं समजू नये. तोंदोनिया १०० हेक्टरच्या पुढं आहे, म्हणजे अडीचशे एकर. दुसऱ्या टोकाला स्पेनच्याच प्रिओरात भागातली 'लेर्मिता' ही एका बागेची वाइन आहे. रिओहातल्याच वाइनवाल्या घरातून आलेल्या आल्वारो पालासिओस यांनी १९९३ पासून ती काढली. पाटीच्या दगडाचा उभा चढ, जुन्या गार्नाचाच्या वेली, थोडकी जमीन.

आता पैशाची बाजू, कारण कुटुंबाचा मुद्दा इथंच येतो. ऊस गाळपाला गेल्यावर चौदा दिवसांत एफआरपी मिळाली पाहिजे असा नियम आहे, आणि पंधरावा दिवस उजाडला की कोल्हापुरात चर्चा सुरू होते. तोंदोनियाची तांबडी रेसेर्वा, म्हणजे जास्त वर्षं मुरवलेली वाइन, सहा वर्षं पिंपात राहते, मग काही वर्षं बाटलीत, आणि तोडणीनंतर साधारण दहा-बारा वर्षांनी बाजारात येते. नियमानं रेसेर्वाला एकूण तीनच वर्षं लागतात, त्यात पिंपात एक. म्हणजे दहा हंगामांचा माल तळघरात पडून आहे आणि मजुरी, पिंपं, बाटल्या यांचा खर्च आधीच होऊन गेलाय. दर तीन महिन्यांनी नफा मागणारा मालक हे सहन करणार नाही. आजोबांनी भरलेलं नातवंडांनी विकायचं, अशा घरालाच हे जमतं.

पिंप २२५ लिटरचं, म्हणजे ३०० बाटल्या. लाकूड अमेरिकन ओकचं, आणि पिंपं बोदेगाच्या स्वतःच्या सुतारखान्यात बनतात, दुरुस्तही तिथंच होतात. नवं लाकूड व्हॅनिला आणि नारळाचा वास सोडतं. जुनं पिंप जवळजवळ काही देत नाही, फक्त लाकडातून थोडी हवा आत जाऊ देतं, आणि इथं तेच हवं असतं. वर्षातून दोनदा वाइन एका पिंपातून दुसऱ्यात हातानं उतरवतात. तळाचा गाळ मागं राहतो आणि थोडी हवा लागते. सहा वर्षांत हे बारा वेळा. गाळावर फार दिवस बसली तर सडक्या अंड्यासारखा वास धरते, आणि उतरवताना हवा जास्त लागली तर व्हिनेगरकडे झुकते. शेवटी ताज्या अंड्याचा पांढरा बलक घालतात. एका पिंपाला साधारण तीन ते सहा अंडी हा वाइनच्या धंद्यातला जुना ठोकताळा. बलकातली प्रथिनं तुरट टॅनिनला धरून तळाशी बसतात. गाळणी लावत नाहीत, म्हणून बाटलीत गाळ येतो. शाकाहारी किंवा जैन घरात ही वाइन नेताना अंड्याची गोष्ट आधी सांगावी. तळघरातली कोळ्यांची जाळी मुद्दाम काढत नाहीत, कारण बुचात अळ्या घालणारे पतंग कोळी खातात.

बाटली निवडताना 'विन्या' या शब्दावर जाऊ नका. त्याचा अर्थ द्राक्षबाग असला तरी कित्येक ठिकाणी तो नुसता ब्रँड आहे आणि आत अनेक गावांचा माल असतो. 'पागो' म्हणजे मळा, त्याचंही तेच. २००३ च्या कायद्यानं 'विनो दे पागो' हा अधिकृत दर्जा केलाय, पण नावात नुसतं 'पागो' असलं म्हणजे तो दर्जा मिळाला असं नाही. मागच्या लेबलावर 'विन्येदो सिंगुलार' असं स्पष्ट लिहिलंय का ते पाहा, किंवा घराण्याची त्या बागेवरची मालकी किती जुनी आहे ते वाचा. रिओहाच्या मागच्या पट्टीचा रंगही सांगतो: क्रिआन्सा लाल, रेसेर्वा गडद मरून, ग्रान रेसेर्वा निळी, साधी हिरवी. हे रंग मुरवणीची वर्षं सांगतात, बागेबद्दल काही सांगत नाहीत.

इथल्या दुकानात मिळालेल्या आयात बाटलीवर शुल्काचा बोजा मोठा असतो, त्यामुळे बरेच जण परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाकडून मागवतात. माणशी दोन लिटर शुल्काविना चालतं, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या सहज. खरा धोका विमानात नाही, मुंबई-पुण्याहून कोल्हापूरपर्यंतच्या गाडीत आहे. एप्रिल-मे महिन्यात डिकीत ठेवलेली बाटली साताऱ्याच्या जेवणाच्या थांब्यातच शिजते. वाइन फुगते, बूच वर सरकतं, कडेनं रस झिरपतो. बुचाचं डोकं उंचावलेलं किंवा चिकट लागलं तर समजावं आणि ती बाटली लवकर उघडावी. एसी चालू असताना पायाशी ठेवून आणावी. घरी आल्यावर दोन-तीन आठवडे हलवू नये.

ठेवायला उत्तम १२ ते १४ अंश, ते आपल्या घरात नसतंच. फ्रिजच्या डोक्यावर आणि ओट्याजवळच्या कपाटात तर नकोच. जुन्या वाड्यातली, भिंती जाड असलेली आतली खोली उन्हाळ्यात बरी, पण तीही वर्षानुवर्षांसाठी नाही. वाइनचा छोटा फ्रिज नसेल तर साध्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आडवी ठेवून काही महिन्यांत संपवणं शहाणपणाचं. पावसाळ्यात लेबलाला बुरशी येते. बाटलीला स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिकची फिल्म गुंडाळली की काम होतं.

उघडण्याच्या आधी एक-दोन दिवस बाटली उभी करावी म्हणजे गाळ तळाशी बसतो. जुनं बूच सरळ स्क्रूनं मध्येच तुटतं. दोन पात्यांचा ओपनर बुचाच्या दोन बाजूंनी हलवत उतरवावा आणि फिरवत ओढावा. तुटलंच तर मलमलच्या स्वच्छ, धुतलेल्या पण साबणाचा वास नसलेल्या फडक्यातून गाळून घ्यावं. ओतताना मानेखाली टॉर्च धरा, गाळ मानेत दिसला की थांबा. जुन्या रेसेर्वाला अर्धा तास हवा पुरते. तरुण प्रिओरातला एक-दोन तास द्यावे लागतात. ओल्या पुठ्ठ्याचा, बंद गोदामाचा वास आला तर दोष बुचाचा, कितीही वेळ ठेवली तरी तो जात नाही. नेलपॉलिशचा वास म्हणजे व्हिनेगरकडे झुकलेली.

'खोलीच्या तापमानाला द्या' हा सल्ला युरोपातल्या थंड घरांचा. आपली खोली ३० अंशांची. तांबडी १६ ते १८ अंशांवर हवी: फ्रिजमध्ये तास-दीड तास, किंवा बर्फ आणि पाणी भरलेल्या बादलीत मानेपर्यंत बुडवून १२ ते १५ मिनिटं. नुसता बर्फ टाकला तर बाटलीला सगळीकडून लागत नाही, पाणी हवंच.

जेवणाचं सरळ बोलायचं तर तांबड्या रश्शाबरोबर तांबडी वाइन उघडू नका. अल्कोहोल मिरचीची आग वाढवतं, आणि जळणाऱ्या जिभेला टॅनिन आणखी खरखरीत लागतं. १५ टक्क्यांच्या आसपासची प्रिओरात असेल तर दोन्ही वाया. कांदा-लसूण मसाला बेतानं घातलेलं, सुकं खोबरं नीट भाजलेलं सुकं मटण मात्र तोंदोनियाच्या रेसेर्वाबरोबर छान जमतं. ती १३ टक्क्यांच्या आसपासची, टॅनिन वर्षांनी मऊ झालेलं. आणि पांढरा रस्सा असेल तर याच घरची पांढरी 'विन्या ग्राव्होनिया' शोधा. निव्वळ विउरा द्राक्ष, सुमारे चार वर्षं पिंपात. खोबऱ्याचं दूध, काजू, खसखस आणि मिरी यांच्या जाडीला तिचा आंबटपणा धुऊन काढतो आणि अक्रोडासारखा वास खसखशीशी जुळतो. फार गार करू नका, १२ अंशांच्या आसपास ठेवा, नाहीतर वास बंद होतो.

उरलेली वाइन लहान बाटलीत गळ्यापर्यंत भरून, घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवा. तांबडी दोन-तीन दिवस टिकते. ग्राव्होनिया पिंपातच हवेची सवय झालेली असल्यामुळे त्याहून जास्त टिकते, आणि दुसऱ्या दिवशी तिचा वास पहिल्या दिवसापेक्षा मोकळा असतो.