माळ तुटली

मंगळवार, रात्र

आज केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला माळ तुटली. ब्युरेटचं रीडिंग घ्यायला वाकलो आणि स्टँडच्या क्लॅम्पमध्ये दोरा अडकला. मणी ओट्यावर, बेसिनमध्ये, स्टुलाखाली. गुडघ्यांवर बसून गोळा केले, रुमालात बांधले. मोजले तर १०६. दोन गेले.

माळ गळ्यात नसताना अन्न नाही, पाणी नाही. सहावीत पंढरपुरात माळ घातली तेव्हापासून हेच. मधल्या सुट्टीत पोट दुखतंय म्हणालो, डबा उघडला नाही. पाच वाजेपर्यंत पाण्याचा थेंब नाही.

का पण? विठ्ठल बघतोय असं मला वाटत नाही. दिवाळीपासून नाही वाटत. कुणाला सांगितलेलं नाही. मग उपाशी कुणासाठी राहिलो? वर्गात दुसरा माळकरी नाही. वडापाव खाल्ला असता तरी घरी कळलं नसतं. सगळं कळत होतं आणि तरी बाटलीकडे हात जात नव्हता.

घरी अण्णांनी रुमाल बघितला. एवढंच विचारलं, "पाणी नाही ना प्यालास?"

"नाही."

त्यांचा चेहरा इतका निवळला की मला खोटं बोलल्यासारखं झालं. बोललो तर खरंच होतं. दादाने पुण्यात माळ काढून ठेवली तेव्हा याच चेहऱ्याने... जाऊ दे. तेव्हापासून आई माझ्याच गळ्याकडे बघते. या घरात माझा गळासुद्धा माझा नाही, असं दुपारी जर्नलच्या मागच्या पानावर लिहिलं होतं. आता वाचलं आणि खोडलं. दिवसभर गळा मोकळा होता, कुणी बघत नव्हतं, आणि माझाच हात सारखा तिथे जात होता.

अण्णांनी चष्मा लावून माळ ओवली. कमी पडलेले दोन मणी देव्हाऱ्यातल्या डबीतून काढले. आजीच्या माळेतले. काळे पडलेत, बोटाला वेगळे लागतात. माळ घातल्यावर दोन तांबे पाणी प्यालो.

हरिपाठाला टाळ घेतला. मन नव्हतं, पण ठेका चुकला नाही. बरं वाटलं. का, ते आज नाही विचारत.

आषाढीला चलतोस का, असं अण्णा विचारणारच. आळंदीपासून दिवे घाटापर्यंत येतो म्हणेन. घाट एकादशीला चढायचा असतो, उपाशीपोटी. सासवडला पोचल्यावर पुढचं बघू.